ड्रॅगन, शिंपला आणि आपला तंबोरा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात इलेक्ट्रिक गिटारवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात आला असेल. गैर काहीच नाही. पण जरा आपल्याच बेळगावातल्या घरांकडे बघा. ज्या घरात आजोबांचा तंबोरा गवसणी घालून माळ्यावर ठेवलेला आहे, त्याच घरात नातवाच्या खोलीत भिंतीला टेकवलेली गिटार आहे. दोन्ही तारांचीच वाद्यं, एकाच छपराखाली राहणारी, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आज ती ओळख करून द्यावी असा विचार आहे. आणि ती वाजवण्याच्या अंगानं नाही, कारण मी वादक नाही. ती त्यांच्यावरच्या नक्षीच्या अंगानं करून देणार आहे.

प्रश्न साधा आहे. वाद्यावर नक्षी कशासाठी? तिच्यानं आवाज सुधारतो का? सुधारत नसेल, तर त्यावर घातलेले कष्ट आणि पैसे वाया गेले का? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दर वर्षी मंडळाच्या पहिल्या सभेत मखरावर किती खर्च करायचा यावरून जो वाद होतो, तो हाच आहे. एक गट म्हणतो, मूर्ती आणि पूजा महत्त्वाची, आरास कशाला? दुसरा म्हणतो, आरास नसेल तर उत्सव कसला? तर हा वाद आपण आज जरा लांब, अमेरिकेत नेऊन बघू आणि मग परत मिरजेला येऊ.

आधी गिटारची थोडी रचना सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्या सतारीला जशी दांडी असते तशी गिटारला मान असते. मानेच्या वरच्या अंगाला एक लाकडी पट्टी चिकटवलेली असते, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. तिच्यात धातूचे पडदे बसवलेले असतात, त्यांना मुलं फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे बांधलेले, सरकवता येणारे. गिटारचे मात्र पट्टीत खाच पाडून कायमचे ठोकलेले. त्यामुळे त्यांची जागा आधीच गणितानं ठरवावी लागते. पुष्कळ गिटारींत तारेची मोकळी लांबी 635 मिलिमीटर म्हणजे 25 इंचांच्या आसपास असते. ती 635 धरली, तर पहिला पडदा वरच्या टोकापासून 35.6 मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 317.5 मिलिमीटरवर. तिथं वरचा सा मिळतो. इथं अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी चांगल्या कानाला ती बोचते. उद्यमबागेत लेथवर किंवा सीएनसीवर काम करणारी मंडळी इथं बसली आहेत, त्यांना अर्धा मिलिमीटर म्हणजे किती मोठी चूक, हे मी सांगायला नको.

आता इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो कुठून? साध्या गिटारला किंवा तंबोऱ्याला पोकळ पोट असतं, ते हवा हलवतं. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं. तारांच्या खाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत क्षीण वीज तयार होते. ती अँप्लिफायर मोठी करतो. आपण शाळेत फॅरेडेचा जो नियम पाठ केला, तोच. म्हणजे पिकअपला फक्त तार 'ऐकू' येते. मानेवर शिंपल्याचा राजहंस जडवला आहे की काहीच नाही, याचा त्याला पत्ता नसतो. शिंपला चुंबकाला दाद देत नाही.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथंच मिळालं. इलेक्ट्रिक गिटारवरचं जडावकाम आवाजात काडीचीही भर घालत नाही.

मग ते आलं कसं? ते आलं गरजेतून. वादकाला अंधाऱ्या रंगमंचावर झटकन कळायला हवं की बोट कुठल्या पडद्यावर आहे. म्हणून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या पडद्याजवळ एकेक ठिपका आणि बाराव्याजवळ दोन ठिपके घालायची पद्धत पडली. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगडच म्हणा ना. 1950 नंतर कारखान्यात झपाट्यानं बनू लागलेल्या साध्या गिटारींवर हे ठिपकेच असत, आजही असतात. पण माणसाचा हात असा आहे की ठिपका काढायचा म्हटलं की त्याचं फूल होतं. आपल्या बायका उंबऱ्यावर रांगोळीचे चार ठिपके घालतात आणि बघता बघता त्याचं कासव होतं, तसंच. ठिपक्याचा चौकोन झाला, चौकोनाचं पान झालं, पानाची वेल झाली.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या पॉल रीड स्मिथ नावाच्या कारागिरानं या ठिपक्यांच्या जागी पक्षी बसवले. 1956 चा जन्म. कॉलेजात असताना अभ्यासाचा भाग म्हणून त्यानं गिटार बनवली आणि त्यातच रमला. छोट्या जागेत एकेक गिटार करायची, कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचामागं जाऊन वादकांना दाखवायची, असे दिवस काढून 1985 मध्ये त्यानं ॲनापोलिस गावात कारखाना सुरू केला. त्याच्या आईला पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. त्यावरून त्याच्या गिटारींच्या मानेवर उडणारे पक्षी आले, प्रत्येक ठिपक्याच्या जागी वेगळा पक्षी. आज ती त्या कंपनीची खूण झाली आहे.

या माणसानं सोळाव्या वर्षी एक स्वप्न पाहिलं होतं असं तो सांगतो. गिटारच्या मानेवर वरपासून खालपर्यंत वेटोळं घातलेला एक ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे पंख असलेला, आग ओकणारा तो काल्पनिक सर्प. कारखाना उभा राहिल्यावर 1992 मध्ये त्यानं ते स्वप्न खरं केलं. ड्रॅगनचं चित्र तयार झालं आणि पर्ल वर्क्स या मेरीलँडमधल्याच जडावकाम करणाऱ्या कार्यशाळेनं तो शिंपल्यात उतरवला. एका मानेवर 201 तुकडे. अशा फक्त 50 गिटारी केल्या. पुढच्या वर्षी दुसरा ड्रॅगन आला, 218 तुकड्यांचा, आणि 1994 मध्ये तिसरा, 438 तुकड्यांचा. या दोन्ही प्रत्येकी 100 केल्या.

आकडे नुसते ऐकून अंदाज येत नाही. गिटारची मान वरच्या टोकाला साधारण सव्वाचार सेंटिमीटर रुंद, खाली साडेपाच-पावणेसहा. लांबी दीड फुटाच्या आसपास. म्हणजे आपल्या शाळेतल्या लाकडी फूटपट्टीपेक्षा थोडी लांब आणि थोडी रुंद अशी पट्टी. एवढ्या जागेत 438 तुकडे बसवायचे. त्यातले काही तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे असणार हे उघड आहे.

हे काम कसं होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे.

पहिल्यांदा चित्र कागदावर खऱ्या मापात काढतात आणि त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर देतात. इथली पहिली अडचण पडद्यांची. चित्रावरून बावीस-चोवीस धातूच्या पट्ट्या आडव्या जाणार आहेत. डोळा किंवा नखं नेमकी पडद्याखाली आली तर चित्र मेलं. म्हणून चित्रकाराला पडद्यांच्या गणितात राहून चित्र काढावं लागतं. दुसरी गोष्ट शिंपल्याची. मोतीशिंपल्याच्या आतला पांढरा चकचकीत थर आणि ॲबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायीच्या कवचाचा निळा-हिरवा-गुलाबी थर, हे मुख्य माल. बाजारात त्यांच्या सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीच्या चकत्या मिळतात. शिंपला सगळीकडून सारखा चमकत नाही. उजेड ज्या अंगानं पडेल तसा रंग बदलतो. त्यामुळे एकाच चकतीतला तुकडा असा कापला तर काळपट दिसतो आणि थोडा फिरवून कापला तर पेटल्यासारखा दिसतो. ड्रॅगनच्या खवल्यांना उतरता उजेड द्यायचा असेल तर प्रत्येक खवल्यासाठी चकती हातात घेऊन फिरवून बघावी लागते. हे ठरवायला डोळाच लागतो.

मग कापणं. सोनाराकडे असते तशी केसासारख्या पात्याची करवत. शिंपला कडक पण ठिसूळ, जोर दिला की टचकन तुटतो. त्याची पूड फुप्फुसाला घातक, म्हणून तोंडाला मास्क आणि शेजारी धूळ ओढणारा पंखा. तुकडे कापून, कडा कानशीनं घासून, एकमेकांना जुळवून आधी अख्खं चित्र टेबलावर तयार करतात. मग ते फिंगरबोर्डच्या लाकडावर ठेवून अणकुचीदार सुईनं बाहेरची रेघ मारतात. त्या रेघेच्या आत छोट्या राउटरनं तेवढीच खोल खोबण काढायची. खोबण रेघेच्या बाहेर गेली तर फट दिसते. आत राहिली तर तुकडा बसत नाही आणि दाबून बसवायला गेलं की फुटतो. तुकडे बसले की लाकडाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीनं उरलेल्या फटी भरतात. शेवटी सगळं एकत्र घासून सपाट करायचं.

आणि इथं तिसरी अडचण. फिंगरबोर्ड सपाट नसतो. तो आडव्या अंगानं किंचित कमानदार असतो, बोटांना सोयीचं पडावं म्हणून. घासताना कडेचे तुकडे मधल्यापेक्षा जास्त झिजतात. शिंपल्याचा थर पातळ झाला की कधी त्याचा रंगच जातो. म्हणजे सगळं नीट झाल्यावर शेवटच्या तासाभरात काम बिघडू शकतं. घासून झालं की पडद्यांच्या खाचा त्या शिंपल्यातून परत पाडायच्या, त्याही त्याच गणिती जागी, आणि त्यात पडदे बसवायचे. ठोकताना एखादा शिंपला तडकला तर? तर उकरून काढायचा आणि नवा करायचा.

हल्ली शिंपला आणि खोबण दोन्ही सीएनसीवर कापता येतात. त्यामुळे कडा अचूक येतात आणि वेळ वाचतो. यात कमीपणा मानायचं कारण नाही. यंत्रानं कापायला सोपं झालं म्हणून शेकडो तुकड्यांची चित्रं करायचं धाडस झालं, असंही म्हणता येईल. पण कुठला तुकडा कुठल्या अंगानं चमकवायचा हे यंत्राला अजून माणूसच सांगतो.

आता गोष्टीचा उत्तरार्ध. हा पहिला ड्रॅगन गाजला, तो नक्षीमुळे. पण ही खास गिटार करायची म्हणून स्मिथनं तिच्यात आणखी काही गोष्टी बदलल्या होत्या. त्याच्या नेहमीच्या गिटारींना 24 पडदे असत, हिला त्यानं 22 च ठेवले. त्यामुळे मान अंगाबाहेर कमी निघाली. ती जाडही केली. तारा जिथं अडकवतात ती मागची पट्टीही न हलणारी बसवली. आणि वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की हिचा आवाज भरदार आहे. मान आखूड आणि जाड झाली की ती कमी लवते आणि तारेची ताकद कमी खाते. पुढे लगेचच कंपनीनं 22 पडद्यांच्या साध्या, ड्रॅगन नसलेल्या गिटारी काढल्या आणि त्या चालल्या.

मला या गोष्टीत आपल्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. आवाज ड्रॅगननं सुधारला नाही, मानेनं सुधारला. पण ड्रॅगन करायचा ठरला नसता तर त्या मानेकडे तेव्हा इतक्या लक्षानं कुणी बघितलं असतं का? ज्या वस्तूवर आपण एवढे कष्ट घालणार, ती आतूनही तशीच हवी, असं चांगल्या कारागिराला वाटतं. नक्षी ही कारागिरानं दिलेली हमी असते. 'बाहेर जेवढं मन लावलं, तेवढंच आतही लावलं आहे' असं ती सांगते. ही हमी खरी असली तर नक्षी सार्थ. खोटी असली तर ती नुसती थाप. आणि खरी की खोटी हे नक्षी बघून कळत नाही. ते वाजवून कळतं.

आता मिरजेला येऊ. आपल्यापैकी कुणालाही सकाळच्या रेल्वेनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं घासूनपुसून ठेवणारे. इंग्रजी अंमल बसला, शस्त्रांचं काम उतरणीला लागलं, आणि ज्या हातांनी पातं घासलं ते हात तंबोऱ्याची दांडी घासू लागले. त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या. पंढरपूरच्या बाजूचा मोठा भोपळा, तुणीचं लाकूड आणि मिरजेचा हात, असं हे वाद्य हिंदुस्थानभर गेलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजेचा तंबोरा डोळ्यांसमोर आणा. दांडीच्या कडेनं पांढरी पट्टी, तिच्यावर बारीक कोरलेली वेलबुट्टी आणि त्या कोरीव रेघांत भरलेला काळा रंग. भोपळा जिथं दांडीला मिळतो तिथं लाकडी पानं. तबलीच्या कडेनं परत तीच पांढरी किनार. कोरायचं, रंग भरायचा, वरचा रंग पुसून रेघेतला ठेवायचा, ही रीत ड्रॅगनवाल्यांचीही तीच आहे. मेरीलँडच्या आणि मिरजेच्या कारागिरांनी एकमेकांना कधी पाहिलं नसेल, पण हाताला एकच युक्ती सुचली.

आणि इथंही नक्षी आवाज देत नाही. तंबोऱ्याचा आवाज जवारीत आहे. घोडीचा माथा किती उतार देऊन घासला आहे आणि तारेखाली सुताचा दोरा नेमका कुठं धरला आहे, यावर ती गुंजारवाची लहर अवलंबून. दोरा केसभर सरकला की तंबोरा एकदम बोलतो किंवा एकदम मुका होतो. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते हे संगीत ऐकणाऱ्यांना माहीत आहे. हस्तिदंती किनारीचा तंबोरा असला आणि जवारी उतरली असली, तर तो मैफिलीत उपयोगाचा नाही.

हस्तिदंत म्हटलं की एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. जुन्या तंबोऱ्यांवरची पांढरी पट्टी पुष्कळदा खरोखर हस्तिदंताची असे. म्हणजे ती नक्षी कुणाच्या तरी जिवावर उठलेली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि पुढे 1986 व 1991 च्या दुरुस्त्यांनी आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. 1989 मध्ये जगभरानंही आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं. मिरजेनं प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या. आपल्याच राज्यात म्हैसूरला शिसवी लाकडात हस्तिदंत जडवायचं प्रसिद्ध काम होतं, त्यांनीही निरनिराळ्या रंगांची लाकडं आणि प्लास्टिक घेतलं आणि कला टिकवली. काही रसिक नाक मुरडतात, 'प्लास्टिकला ती शान नाही' म्हणतात. मला विचाराल तर हत्ती जिवंत आहे आणि वेलबुट्टी कोरणारा हातही जिवंत आहे, यापेक्षा मोठी शान ती कोणती?

शिंपल्याचंही तसंच झालं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ॲबलोनी इतकी काढली गेली की 1997 मध्ये तिथली व्यापारी मासेमारी बंद करावी लागली, आणि तिची एक पांढरी जात 2001 मध्ये नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचं जाहीर झालं. अर्थात ती मुख्यतः खाण्यासाठी काढली जात होती, कवच मागाहून. पण ज्याला चमक हवी त्यानं ती कुठून येते हे विचारलं पाहिजे.

आणि लाकूड? इथं तर सरळ आपल्याच जंगलाशी नातं लागतं. गिटारच्या फिंगरबोर्डला पूर्वी ब्राझीलचं शिसव लागे. ते मिळेनासं झालं तेव्हा मार्टिनसारख्या जुन्या अमेरिकन कंपनीनं 1969 मध्ये भारतीय शिसव घेतलं. 1992 मध्ये ब्राझीलच्या शिसवावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंदी आली. तेव्हापासून जगातल्या कितीतरी गिटारींचा फिंगरबोर्ड ज्या लाकडाचा आहे, ते लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं शिसव, ज्याला आपले कन्नड शेजारी बीटे म्हणतात. 2017 पासून शिसवाच्या सगळ्याच जातींवर परवान्याचं बंधन आलं. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, लाकडाला नाही. म्हणजे नातवाच्या गिटारचं लाकूड खानापूर-दांडेलीच्या पलीकडच्या कुठल्यातरी आपल्याच डोंगरातलं असण्याची शक्यता आहे. ती परकी वस्तू आहे असं म्हणताना जरा थांबावं.

आता कामाचं बोलतो. आई-वडिलांसाठी दोन शब्द आणि ज्येष्ठांसाठी दोन.

मुलाला गिटार घ्यायची तर दुकानात तो आधी चकचकीत, चित्रांची गिटार उचलतो. उचलू द्या. पण आपण चार गोष्टी बघायच्या. एक, मान डोळ्याच्या रेषेत धरून वरून खाली बघायची, ती पिळलेली नसावी. दोन, मानेच्या कडेवरून बोट फिरवायचं, पडद्यांची टोकं बोचता कामा नयेत. तीन, बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तिथंच तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. चार, सुरात लावून दहा मिनिटं वाजवा आणि खुंट्या टिकतात का बघा. या चार गोष्टी ठीक असतील आणि मग वर शिंपल्याचा पक्षीही असेल, तर खुशाल घ्या. मुलाला वाद्य आवडलं तर तो ते हातात घेईल, आणि हातात घेतलं तरच शिकेल. हेही नक्षीचं एक कामच आहे. पण स्वस्त वाद्यावरची नक्षी कित्येकदा चिकटवलेला स्टिकर असतो. ती हमी नाही, थाप आहे.

आणि ज्येष्ठांना विनंती. माळ्यावरचा तंबोरा खाली काढा. भोपळ्याला चीर आहे का, दांडीला कीड आहे का, खुंट्या फिरतात का बघा. किनारीची पट्टी सुटली असेल तर झटपट चिकटणारी ट्यूब लावू नका, सुटलेले तुकडे पाकिटात जपून ठेवा. घासून 'नवा' करायच्या फंदात पडू नका. मिरजेला न्या, जवारी काढून घ्या, तारा बदला. पट्टी हस्तिदंताची आहे अशी शंका असेल तर ती विकायचा विचारही करू नका, तो गुन्हा आहे, आणि घरात ठेवण्याबाबत काय करायचं ते वनखात्यात जाऊन रीतसर विचारा. आपण सरहद्दीवरची माणसं, कागदपत्रांची सवय आपल्याला आहेच.

त्या ड्रॅगन गिटारींपैकी पुष्कळ आज संग्राहकांकडे काचेच्या कपाटात आहेत. भाव वाढेल म्हणून ठेवलेल्या, ओरखडा पडेल म्हणून न वाजवलेल्या. कारागिरानं 201 तुकडे ज्या पट्टीवर बसवले, ती पट्टी बोटांनी झिजण्यासाठीच होती. तिची घडण, तिची कमान, पडद्यांची जागा, सगळं बोटांसाठी. कपाटातल्या गिटारची हमी कधी वटलीच नाही. पण हसण्याआधी विचार करा. आपला माळा आणि त्यांचं काचेचं कपाट यात फरक तो काय? त्यांनी भाव वाढावा म्हणून ठेवली, आपण 'आजोबांची आठवण' म्हणून ठेवली. वाद्य दोन्हीकडे मुकंच.

मखराच्या वादाचं उत्तरही मला यातच दिसतं. आरास करावी, मन लावून करावी, कुणाचा जीव न घेता करावी. पण ती ज्याच्यासाठी आहे ते आधी नीट व्हावं. आरती वेळेवर व्हावी, प्रसाद सगळ्यांना पुरावा, लहान मुलांना स्टेज मिळावं. मग मखराला चार दिवे जास्त लागले तर लागू देत.

एक सूचना मांडतो आणि थांबतो. पुढच्या वर्षी या मांडवात एक दिवस असा ठेवू या की घरोघरचे दुरुस्त केलेले तंबोरे इथं यावेत, आणि त्याच दिवशी मुलांनी आपल्या गिटारी आणाव्यात. प्रदर्शन नको, काच नको, दोरी लावून 'हात लावू नये' अशी पाटी नको. तंबोरे जुळवायचे आणि त्या सुरात मुलांनी गिटार लावून बघायची. तंबोऱ्याचा षड्ज आणि गिटारची तार एका सुरात आली, की आजोबा आणि नातू एकमेकांच्या वाद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील एवढी मला खात्री आहे. नक्षी कुणाची जास्त सुंदर, याचा निकाल त्यांनी चहा पिताना लावावा.

 गणपती बाप्पा मोरया!